पहिल्या रोबॉटसाठी हत्यारे आणि सुटे भाग: सेलपासून चाकापर्यंत

यूएसबी केबल लावली की दिवे लुकलुकतात, प्रोग्राम नीट चालतो. केबल काढून गाडी बॅटरीवर टाकली की चाक अर्धा फेरा मारते, आर्डुइनोचा (रोबॉटचा प्रोग्राम चालवणाऱ्या छोट्या बोर्डचा) दिवा क्षणभर विझतो आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते. पहिला रोबॉट बनवणाऱ्या कितीतरी जणांच्या टेबलावर हे घडते आणि मग रात्र रात्र प्रोग्राम तपासला जातो. दोष बहुतेक वेळा प्रोग्राममध्ये नसतोच. तो थकलेल्या सेलमध्ये, बारीक वायरीत, कच्च्या सोल्डरमध्ये (वितळवून जोड पक्का करायच्या धातूत) किंवा जोडायच्या राहिलेल्या ग्राउंडमध्ये (सगळ्या भागांच्या सामाईक ऋण बाजूत) असतो. म्हणून हत्यारांची आणि भागांची ओळख इथे त्याच वाटेने करून घेऊ: करंट सेलमधून निघतो तिथपासून चाक फिरेपर्यंत.

नमुन्याला एक साधी गाडी धरू. दोन बीओ मोटर (पिवळ्या प्लास्टिकच्या गिअरवाल्या, १५० आरपीएम, म्हणजे मिनिटाला १५० फेरे), पुढे एक कॅस्टर (सगळीकडे वळणारे) चाक, आर्डुइनो उनो, एल२९८एन मोटर ड्रायव्हर (आर्डुइनोच्या इशाऱ्यावर मोटरला करंट देणारा बोर्ड), दोन १८६५० लिथियम सेल आणि समोरचा अडथळा ओळखणारा एचसी-एसआर०४ सेन्सर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात हे सगळे एका फेरीत मिळते. दुकानात नुसते ‘रोबॉटची मोटर द्या’ म्हणू नका. ‘बीओ मोटर, दीडशे आरपीएम, चाकासकट’ असे सांगा.

आधी मल्टिमीटर

बजेट आखडते असेल तर एक सेन्सर कमी घ्या, पण मीटर घ्याच. सुरुवातीला दोन-चारशे रुपयांचा डिजिटल मीटर पुरतो. घेताना दोन गोष्टी पाहा: कंटिन्युइटीवर (दोन बिंदू जोडलेले आहेत का ते पाहायच्या जागेवर) बीप वाजते का, आणि १० अँपिअरचे वेगळे भोक आहे का. काही स्वस्त मॉडेलमध्ये बीप नसते. मग दर वेळी मान वर करून आकडा वाचावा लागतो आणि तेवढ्यात मीटरचे टोक जागेवरून सरकते.

कंटिन्युइटी नेहमी बॅटरी बंद असतानाच तपासायची. व्होल्ट मोजताना डायल डीसी २० वर ठेवायचा, काळे टोक ग्राउंडला आणि लाल टोक हव्या त्या बिंदूला. करंट मोजायची पद्धत वेगळी आहे: वायर मध्येच तोडून मीटर वाटेत बसवावा लागतो आणि लाल टोक १० अँपिअरच्या भोकात घालावे लागते. मोजून झाले की लाल टोक लगेच मूळ भोकात परत आणा. ते तिथेच राहिले आणि तुम्ही सेलचे व्होल्ट मोजायला गेलात, तर मीटर म्हणजे नुसती जाड तार असते. सेल सरळ शॉर्ट होतो, ठिणगी उडते, मीटरची वायर वितळू शकते. स्वस्त मीटरमध्ये त्या भोकाला बहुधा फ्यूजही नसतो.

सोल्डरिंग

२५ वॉटची साधी सोल्डरिंग आयर्न या कामाला पुरते. तापमान कमी-जास्त करता येणारी असेल तर ३५० अंशांवर ठेवा. सोल्डर वायर ६०/४० (कथील-शिसे), रोझिन कोअरची (आत राळेचे फ्लक्स, म्हणजे धातू साफ करणारा लेप असलेली), २२ गेजची घ्या; गेजचा आकडा मोठा तशी वायर बारीक. १८ गेजची जाड वायर बारीक पिनांवर एकदम गोळा सोडते आणि शेजारच्या दोन पिना जुळून जातात. पत्र्याच्या डागडुजीला वापरतात ते अ‍ॅसिडचे फ्लक्स इथे वापरू नका. त्याने दोन-तीन महिन्यांत तांबे हिरवे पडते आणि जोड आतून सुटतो.

नवी आयर्न पहिल्यांदा तापत असतानाच टोकाला सोल्डर लावा, म्हणजे टोक चांदीसारखे चकचकीत राहते. काळे पडलेले टोक कितीही तापले तरी उष्णता पुढे देत नाही. मग सोल्डर टोकावरच गोळा होऊन बसते आणि शिकणाऱ्याला वाटते की आपला हातच वाईट. काम करताना टोक ओल्या स्पंजवर पुसा आणि काम संपल्यावर त्यावर सोल्डरचा थर ठेवूनच आयर्न बंद करा. खिडकी उघडी असू द्या. या सोल्डरमध्ये शिसे असते, त्यामुळे जेवणाआधी हात साबणाने धुवा आणि सोल्डर वायर दातांत धरू नका.

पहिला खरा जोड मोटरचाच असतो आणि तोच सर्वांत नाजूक. बीओ मोटरच्या मागे तांब्याच्या दोन पातळ पट्ट्या असतात. दोन-तीनदा वाकवली तरी पट्टी मुळाशी तुटते आणि तिच्या भोवतीचे प्लास्टिक उष्णतेने मऊ होते. म्हणून वायर ४-५ मिलिमीटर सोला, तिच्या सुट्या तारांना पीळ द्या आणि तिला आधीच सोल्डर पाजून ठेवा. पट्टीलाही किंचित सोल्डर लावा. मग दोन्ही एकमेकांवर टेकवून आयर्न दोन-तीन सेकंद धरा. सोल्डर पाण्यासारखे पसरले की आयर्न काढा आणि वायर तीन सेकंद हलवू नका. थंड होताना वायर हलली तर जोड राखाडी, खडबडीत दिसतो. असा जोड टेबलावर चालतो आणि गाडी धावायला लागली की हादऱ्याने सुटतो. त्याच दोन पट्ट्यांच्या मध्ये १०४ लिहिलेला सिरॅमिक कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग), म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचा, सोल्डर करा. मोटरचे ब्रश ठिणग्या पाडतात. त्यातून उठणारा विजेचा गोंगाट सेन्सरचे आकडे बिघडवतो आणि हा कपॅसिटर तो उगमापाशीच गिळतो. शेवटी वायर झिप टायने मोटरच्या अंगाला बांधा, म्हणजे ओढ पट्टीवर न येता टायवर येईल.

बाकी हत्यारांचे फार काही नाही. वायर स्ट्रिपर, छोटा साइड कटर, नोज प्लायर, लहान फुलीचा आणि लहान चपटा स्क्रू ड्रायव्हर, चिमटा आणि सोल्डर ओढून घ्यायचा पंप. हिट श्रिंक ट्यूब (तापवली की आवळून जोड झाकणारी) २ आणि ४ मिलिमीटरची एकेक मीटर घ्या. काळी चिकटपट्टी उन्हाळ्यात सुटते आणि तिचा चिकटा भलत्याच जागी लागतो, त्यामुळे जोड झाकायला ती नको.

सेल: इथे काटकसर करू नका

९ व्होल्टची चौकोनी बॅटरी मोटरसाठी घेऊच नका. तिचा आतला रोध (करंटला होणारा अडथळा) जास्त असतो. मोटर सुरू होताना जेवढा करंट मागते तेवढा मागितला की तिचे व्होल्ट कोसळतात. तीच बॅटरी मल्टिमीटरमध्ये वर्षभर टिकते, कारण मीटर काही मिलिअँपिअरच घेतो.

१८६५० म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा लिथियम सेल. पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, सरासरी ३.७ आणि ३ व्होल्टच्या खाली उतरू द्यायचा नाही. दोन सेल एकामागे एक जोडले की ७.४ व्होल्ट. बाजारात ९९०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, सेलच्या क्षमतेचे माप) लिहिलेले सेल सर्रास दिसतात आणि ते साफ खोटे आहे. या मापाच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण २००० ते ३५०० एमएएच असते. ओळखायला वजन करा: चांगला सेल ४३ ते ४९ ग्रॅम भरतो. किराणा दुकानातल्या काट्यावर तो ३० ग्रॅमच्या आसपास भरला तर आत अर्धवट माल आहे असे समजा. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले, फुगलेले, चेपलेले किंवा वरचे प्लास्टिक फाटलेले सेल घेऊ नका. दोन्ही सेल एकाच जातीचे, एकाच वेळी घेतलेले हवेत.

सेलवर थेट सोल्डर करायचे नाही, होल्डर वापरायचा. होल्डरच्या लाल वायरीत ३ अँपिअरचा फ्यूज आणि त्यापुढे रॉकर स्विच बसवा. फ्यूजला दहा-वीस रुपये पडतात. तो नसेल आणि वायर शॉर्ट झाली तर लिथियम सेल वायरीचे आवरण पेटवण्याइतका करंट देतो. चार्जिंगला टीपी४०५६ मॉड्यूल वापरा. ते एका वेळी एकच सेल चार्ज करते. होल्डरमध्ये एकामागे एक जोडलेल्या सेलना ते लावू नका. सेल काढा, एकेक चार्ज करा आणि तुमच्यासमोर करा, रात्री झोपताना नाही. गाडीत दोन सेलसाठीचा बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारा संरक्षक बोर्ड) बसवलात तर फारच उत्तम. एखादा सेल जास्त उतरण्याआधीच तो वीज तोडतो.

मोटर आणि तिचा ड्रायव्हर

आर्डुइनोच्या एका पिनमधून २० मिलिअँपिअर घेणे सुरक्षित. ४० ही कमाल मर्यादा, तिथवर जायचेच नाही. बीओ मोटर रिकामी फिरतानाच दीड-दोनशे मिलिअँपिअर घेते. चाक अडले किंवा नुकते सुरू होत असले की हा आकडा पाऊण ते एक अँपिअरवर जातो. मोटर थेट पिनला लावली तर पिन जळते, कधी कधी पूर्ण चिप. मध्ये ड्रायव्हर हवा तो यासाठी.

हातातली मोटर अडल्यावर किती करंट मागेल हे घरीच काढता येते. मीटर ओहमवर ठेवून आधी दोन टोके एकमेकांना लावा आणि आलेला आकडा, बहुधा ०.३ ते ०.५, लिहून ठेवा. मग मोटरच्या दोन पट्ट्यांमधला रोध मोजा. चाक थोडे थोडे फिरवत पाच-सहा वेळा मोजा, कारण ब्रश कुठे टेकला आहे त्यावर आकडा बदलतो. सर्वांत लहान आकड्यातून मघाचा आकडा वजा करा. उत्तर ७ ओहम आले आणि मोटरला ६ व्होल्ट मिळणार असतील, तर अडलेली मोटर ६ भागिले ७, म्हणजे सुमारे ०.८६ अँपिअर घेईल. ड्रायव्हर, वायर आणि फ्यूज या आकड्यावरून ठरवायचे.

एल२९८एन एका मोटरला २ अँपिअरपर्यंत देतो, स्वस्त आहे आणि मार सोसतो. त्याचा दोष एकच, पण मोठा: आतले ट्रान्झिस्टर जुन्या पद्धतीचे असल्याने १ अँपिअरला साधारण २ व्होल्ट तो स्वतःच खातो. ७.४ मधले साडेपाच मोटरला पोहोचतात आणि बीओ मोटरला ते चालतात. चार पेन्सिल सेल लावले तर ६ मधले जेमतेम ४ उरतात आणि गाडी गालिच्यावर अडून बसते. टीबी६६१२ ड्रायव्हर फार कमी व्होल्ट खातो, पण सलग १.२ अँपिअरच देतो आणि त्याची एसटीबीवाय पिन ५ व्होल्टला जोडली नाही तर तो झोपूनच राहतो. पहिल्या गाडीला एल२९८एन घ्या. दुसरीला टीबी६६१२ घ्या, पण त्याआधी आपल्या मोटरचा अडलेला करंट वरच्या पद्धतीने काढून पाहा.

एल२९८एनवर तीन जागा चुकतात. बॅटरीच्या स्क्रूपाशी १२ व्होल्ट लिहिलेले असते, तिथे ७.४ दिले तरी चालते. शेजारचा ५ व्होल्टचा स्क्रू हा बोर्डावरचा ५ व्होल्टचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) लावलेला असताना बाहेर वीज देणारा असतो, त्यात दुसरीकडचे ५ व्होल्ट घालू नका. आणि वेग कमी-जास्त करायचा असेल तर ईएनए आणि ईएनबी या वेगाच्या पिनांवरचे जंपर काढून त्या पिना आर्डुइनोच्या ५ आणि ६ला जोडा. ९ आणि १० मोकळ्या ठेवा, कारण पुढे सर्व्हो (ठरावीक कोनात वळणारी मोटर) लावलात की उनोवर सर्व्होची लायब्ररी (तयार प्रोग्राम) त्या दोन पिनांचा पीडब्ल्यूएम (वीज भराभर चालू-बंद करून वेग ठरवण्याची सोय) बंद करते आणि मोटर अचानक का रुसली ते कळत नाही.

मेंदूला वेगळी वीज

आर्डुइनोला ५ व्होल्ट देण्यासाठी एलएम२५९६ बक (व्होल्ट खाली आणणारे) मॉड्यूल वापरा. त्यावरचा निळा स्क्रू बरेच फेरे फिरतो. सुरुवातीचे दहा फेरे आकडा हलतच नाही असेही होते. बाहेर काही न जोडता, मीटर लावून ५.० व्होल्ट आणा, स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका आणि मगच ते उनोच्या ५ व्होल्ट पिनला जोडा. या पिनला रेग्युलेटरचे (व्होल्ट ठरावीक ठेवणाऱ्या भागाचे) संरक्षण नाही. चुकून ८ व्होल्ट गेले तर बोर्ड संपला. प्रोग्राम चढवताना बॅटरीचा स्विच बंद ठेवा, म्हणजे यूएसबीची आणि बकची वीज एकमेकांत घुसणार नाही.

ड्रायव्हरच्या बॅटरी स्क्रूपाशी ४७० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावा. अंगावर पट्टा असलेली बाजू ऋण. उलटा लावला तर तो फुगतो आणि फुटतो.

लहान भाग

रोधक पाव वॉटचे: २२० ओहम, १ किलोओहम, १० किलोओहम, प्रत्येकी २०. चार पट्ट्यांच्या रोधकावर २२० म्हणजे लाल-लाल-तपकिरी, १ किलो म्हणजे तपकिरी-काळा-लाल, १० किलो म्हणजे तपकिरी-काळा-नारिंगी. निळसर अंगाच्या पाच पट्ट्यांच्या रोधकावर हे क्रम बदलतात आणि ट्यूबलाइटखाली लाल-तपकिरी एकसारखे दिसतात, म्हणून लावण्याआधी मीटरने मोजा. ५ मिलिमीटरचे दहा एलईडी घ्या. लाल एलईडी साधारण २ व्होल्ट घेतो, उरलेले ३ व्होल्ट २२० ओहमवर टाकले की सुमारे १४ मिलिअँपिअर वाहतात, पिनला झेपतात. १०४चे सिरॅमिक दहा, ४७० मायक्रोफॅरडचे तीन, १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे) दहा, बीसी५४७ ट्रान्झिस्टर पाच. एल२९८एनच्या मॉड्यूलवर डायोड आधीच असतात. पुढे ट्रान्झिस्टरने रिले (विजेने चालणारा स्विच) किंवा एखादी मोटर चालवाल तेव्हा मात्र तिला उलटा डायोड लावावाच लागतो. कॉइल बंद होताना उलटा झटका मारते आणि डायोड नसेल तर तो ट्रान्झिस्टरला बसतो.

८३० भोकांचा ब्रेडबोर्ड (सोल्डरशिवाय भाग खोचून जोडायचा बोर्ड) प्रयोगासाठी उत्तम. त्याच्या कडेच्या लाल-निळ्या पट्ट्या काही बोर्डांवर मध्यावर तुटलेल्या असतात, बीप लावून पाहा. मोटरचा करंट मात्र ब्रेडबोर्डमधून आणि बारीक जंपर वायरींतून नेऊ नका. बॅटरीपासून ड्रायव्हरपर्यंत आणि ड्रायव्हरपासून मोटरपर्यंत २२ गेजची सुट्या तारांची वायर सरळ स्क्रूखाली घट्ट करा. तिच्या टोकाला सोल्डर पाजू नका. दाबाखाली सोल्डर हळूहळू पसरते आणि स्क्रू आपोआप सैल पडतो.

जोडणीचा क्रम

सगळे एकदम जोडून स्विच दाबण्याचा मोह आवरा.

१. होल्डर, फ्यूज, स्विच. सेल घाला आणि स्विचच्या पुढे ७.४ ते ८.४ व्होल्ट येतात का पाहा. लाल-काळी उलटी झालेली नाही ना, हे इथेच कळते.

२. बक जोडा, ५.० व्होल्ट पक्के करा. उनो अजून नको.

३. स्विच बंद. ड्रायव्हर आणि दोन मोटर जोडा. गाडी डब्यावर ठेवा, चाके हवेत हवीत. आर्डुइनोशिवायच तपासायचे: ईएनए-ईएनबीचे जंपर जागेवर ठेवा, स्विच चालू करा आणि ड्रायव्हरच्या ५ व्होल्ट स्क्रूपासून एक जंपर वायर आयएन१ या इशाऱ्याच्या पिनला टेकवा. चाक फिरले की ती बाजू ठीक. मग आयएन२, ३, ४.

४. स्विच बंद. ईएनए-ईएनबीचे जंपर काढा, उनो जोडा आणि आता ग्राउंड तपासा. बॅटरीची ऋण बाजू, ड्रायव्हरचा ग्राउंड, बकचा ग्राउंड आणि उनोचा ग्राउंड, या चारांमध्ये कुठूनही कुठे बीप वाजलीच पाहिजे. उनो आणि ड्रायव्हरचे ग्राउंड जोडलेले नसतील तर उनोच्या इशाऱ्याला परतीची वाट नसते आणि चाके मनाला येईल तशी फिरतात.

५. सेन्सर सर्वांत शेवटी. एचसी-एसआर०४ला ५ व्होल्ट द्या. इको पिनवर आलेला, ध्वनी जाऊन परत येण्याचा वेळ मायक्रोसेकंदांत घेऊन ५८ने भागला की अंतर सेंटिमीटरमध्ये मिळते. उनोऐवजी ईएसपी३२ हा दुसरा बोर्ड वापरत असाल तर इको थेट लावू नका, तो ५ व्होल्टचा असतो आणि ईएसपी३२ ३.३ व्होल्टचा. इकोपासून १ किलो, तिथून ग्राउंडला २ किलो असे दोन रोधक लावा आणि मधला बिंदू पिनला द्या.

आता खरी परीक्षा. चाके हवेत, मीटर उनोच्या ५ व्होल्ट आणि ग्राउंडवर. दोन्ही मोटर पूर्ण वेगात सुरू करा आणि एक चाक बोटांनी दोन सेकंद धरा. स्वस्त मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, म्हणून लगेच सोडू नका. आकडा ४.८च्या वर राहिला तर उत्तम. ४.५च्या खाली गेला तर मागे मागे चला: हाच प्रयोग ड्रायव्हरच्या बॅटरी स्क्रूवर करा, मग सेलच्या थेट टोकांवर. सेलपाशीच व्होल्ट पडत असतील तर सेल थकलेले किंवा खोटे. सेलपाशी ८ आणि ड्रायव्हरपाशी ६.५ असेल तर मधला दीड व्होल्ट स्विच, फ्यूजचा होल्डर, होल्डरची स्प्रिंग किंवा वायर खात आहे. यातल्या प्रत्येकाच्या दोन टोकांना मीटर लावा. ज्याच्यावर आकडा दिसेल तो गुन्हेगार.

सगळे ठीक असूनही दिशा बदलतानाच बोर्ड रीसेट होत असेल, तर प्रोग्राममध्ये पुढे आणि मागे यांच्यामध्ये २०० मिलिसेकंद मोटर थांबवा. वेगात फिरणारी मोटर एकदम उलटी केली की ती अडलेल्या मोटरपेक्षाही जास्त करंट ओढते. चाक नुसते कुणकुणत असेल आणि फिरत नसेल, तर पीडब्ल्यूएमचा आकडा कमी आहे. बीओ मोटर बहुधा २५५पैकी ८०-१००च्या पुढेच हलते. एक चाक उलटे फिरत असेल तर प्रोग्राममध्ये हात न घालता त्या मोटरच्या दोन वायरी अदलाबदल करा. गाडी सरळ न जाता एका बाजूला ओढत असेल तर ते या मोटरच्या बाबतीत नेहमीचेच आहे. जोरात फिरणाऱ्या चाकाचा आकडा पाच-पाचने कमी करत फरशीवर तपासा, आणि सेल भरलेले असताना एकदा, अर्धे उतरल्यावर एकदा.

काम संपले की सेल होल्डरमधून काढा. महिनाभर गाडीला हात लागणार नसेल तर ते पूर्ण भरून ठेवू नका. ३.७ ते ३.८ व्होल्टवर आणून, टोके एकमेकांना किंवा किल्ल्यांना लागणार नाहीत अशा प्लास्टिकच्या डबीत, उन्हापासून दूर ठेवा.